पायाखालची वाट

माझं काम गियोनचा डावा घोटा धरणं.
उजवा उर्सकडे.
मधे गियोन, खोगिरासारख्या पट्ट्यांत छताला टांगलेला;
गवताच्या माळ्यावरून पडला, त्याला आता चौदा महिने.

ट्रेडमिल सरकते, ताशी दीड किलोमीटर.
टेकव, मागे जाऊ दे, उचल,
टेकव. माझ्या स्टुलाचं एक चाक कुरकुरतं.

डोक्याचा निरोप पाठीच्या आठव्या मणक्यापाशी अडतो,
बर्फानं बंद झालेल्या खिंडीत टपाल अडावं तसा.
पण खिंडीखालीही गाव असतंच की.
तिथे, करंगळीएवढ्या मज्जारज्जूत,
कुणीतरी अजून जागं आहे.
चालणं त्याला तोंडपाठ आहे,
पहिला शब्द तेवढा तळव्यानं सांगावा लागतो.

"काही कळतंय?"
"नाही. तू दमली असशील, फ्लुरीना."

मंगळवारी, अकराच्या सुमारास,
माझा हात पाय उचलायला गेला
आणि पाय आधीच निघाला होता.
तीन पावलं.
गियोन खिडकीतून कुणाच्या तरी गाई मोजत होता,
त्याला पत्ताच नाही.

उर्स माझ्याकडे बघतोय.
सांगू?
चौथ्याची वाट बघत मी हात तसाच धरलाय,
घोट्यापासून बोटभर लांब.