लाल शाई

साहेब,
अर्ज लिहायची सवय नाही.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वाचत आलो,
देवगडच्या जेटीमागच्या एका खोलीत,
जिथं कोऱ्या कागदालाही बांगड्याचा वास येतो.

युद्ध आहे, ठाऊक आहे.
दीपस्तंभ विझवलाय, खिडक्यांना काळा कागद,
होड्या वाळूत पालथ्या.
भरती तेवढी न विचारता येते.

बंदीच्या आदल्या रात्री 'जलपरी' परतली नाही.
रेडिओ म्हणाला, तीन.
रुकय्या होडेकर घरोघर फिरली,
न पेटलेल्या चुली मोजत:
सात.
सात नावं दिली तिनं छापायला,
आणि खाली एक ओळ, गोळी कुणाची?
शेवटी प्रश्नचिन्ह होतं.
मी स्वतः पाहिलं.

आता ती सावंतवाडीच्या तुरुंगात,
संपादक घाडी भिंतीपलीकडं.
आरोप: शत्रूला मदत.
शत्रूला, साहेब,
तांडेलांच्या धाकट्याचं नाव कशाला हवं असेल?

आरोपपत्राला जोडलेलं प्रूफ काढा. पान दोन.
'मुनिर' होतं, 'मुनीर' केलंय;
मेल्यावर तरी माणूस ऱ्हस्व राहू नये.
ती लाल शाई माझी.
मला कुणी बोलावलंच नाही.
फौजदार म्हणाला, तू नुसता काना-मात्रावाला.

तुम्हाला आठवत असेल,
बंदराच्या आंदोलनात तुम्ही आत होतात,
कुणीतरी भाकरीत लपवून तुमचं पत्र आणलं.
घाडींनी पहिल्या पानावर घेतलं, छापखान्याला कुलूप पडेल हे माहीत असून.
पडलंच. तीन महिने.
त्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं 'स्वातंत्र'.
य राहिला होता.
मी घातला.
कुणाला बोललो नाही आजवर.
(तुमची त्या सालची वर्गणीही बाकी आहे, ते असो.)

परवा रेशनच्या रांगेत आनंदीबाय मोठ्यानं म्हणाली,
"तीन म्हणतत? मगे माझो झील खयच्या आकड्यात?"
रांग हलली नाही.
दुकानदारानं वजन ताटलीतच ठेवलं.
घरी येऊन ते वाक्य मी तीनदा तपासलं.
चूक सापडत नाही.

खटला मागे घ्या, साहेब.
घेणार नसाल तर
आठवं नाव लिहून घ्या आरोपींत,
सगुण कोयंडे, मुद्रितशोधक.
आणि लिहिणाऱ्याला सांगा,
य गाळू नकोस.