मोड

कसाऱ्याचा घाट चढून ट्रक रात्री येतो,
अंबडच्या आमच्या शेडपाशी धापा टाकत थांबतो.
अठ्ठेचाळीस पिंपं, आत नायट्रोजन भरून झाकणं गच्च,
कारण हवा लागली की हा माल आपोआप तापतो.
मुख्तारभाई म्हणतात, "हळू, ताई.
दमलेला माणूस आणि हा, दोघांना डिवचायचं नाही."

नववीत पाठारे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
उत्प्रेरक अभिक्रिया घडवून आणतो,
स्वतः मात्र बदलत नाही.
दोन मार्कांना हमखास यायचं.

आता चाळणीवर ओतते
शेवेच्या तुकड्यांएवढे काळे दाणे.
चिमटीत काजळी, नाकात कुजक्या अंड्याचा वास.
तीन वर्षं डिझेलमधलं गंधक उपसत होते,
अंगावर कोळसा चढत गेला.
सर, बदलतो हो.

आजोबा तांबट. भांडीबाजारात
कुणी गळका हंडा आणला की आधी पेराने ठोकायचे,
कान देऊन ऐकायचे.
नाद लागला तर म्हणायचे,
"डाग देतो, कल्हई करतो. अजून पंधरा वर्षं आहेत यात."
नाहीच लागला तर मोडीचा तराजू.
काका चिडायचा: सगळंच मोडीत घ्या, नवं खपेल!
आजोबा तंबाखू मळत राहायचे.

मी ठोकत नाही, मापते.
लांबीला पुरणारा, दाबाला टिकणारा दाणा परत जाणार.
त्याची काजळी सावकाश जाळायची,
भट्टी साडेचारशेच्या पुढे गेली की संपलं.
मुख्तारभाई रात्रभर काट्याकडे बघत
थंड झालेला चहा पितात,
आणि पहाटे काळ्याचा निळा होतो,
खूप धुतलेल्या शाळेच्या शर्टासारखा.
तो पुन्हा घाट उतरतो.

भुगा मागे राहतो.
त्यातून मॉलिब्डेनमचे पांढरे खडे, कोबाल्टचं गुलाबी पाणी,
निकेल कैरीच्या सालीसारखं.
आणि तरी शेवटी गाळ उरतोच,
ज्याचं आम्हाला काही करता येत नाही.
शंभर किलोमागे पोर अकरा होता. यंदा सात.
साहेब आधी कोबाल्टचा रकाना बघतात.
मी हा आधी भरते.

दुपारी डबा. मटकीची उसळ.
शेवंता विचारते, "मोड विकतचे?"
"घरचे," म्हणते मी,
"रात्रभर ओल्या फडक्यात."
तीनदा हात धुतलेत.
नखांत अजून काळं.