काटा हलतोय का

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
एजंटानं लिहिलं : सगळ्या सेवा निरोगी आहेत.
चौदा हिरवे ठिपके,
आणि खाली एक नम्र ओळ,
आणखी काही पाहायचं असल्यास सांगा.

मी लातुरात, औसा रोडच्या मागच्या गल्लीत,
गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत.
यंत्रं मुंबईत, त्यांची जोडीदार हैदराबादेत.
मी ती कधी पाहिली नाहीत.
एजंटानंही नाही.
न पाहिलेल्यांची नाडी बघतो आम्ही दोघं,
दर तीस सेकंदांनी विचारतो, बरं आहे का?
ती म्हणतात, दोनशे.
दोनशे म्हणजे बरं आहे.
यमूमावशीही असंच म्हणते, बरं हाय,
गुडघ्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता.

आप्पा अजून तीनला उठतात.
एकतीस वर्षं नगरपालिकेचं पाणी सोडलं,
त्यांची झोपही आता पाळीनंच येते.
चहाचे दोन कप घेऊन जिना चढून आले.
"काय करायलीस गं?"
"तब्येत बघायले, आप्पा. सर्व्हरांची."
"आन् ह्यो कोन लिहायलाय?"
"एजंट. मी विचारते, तो जाऊन बघून येतो."
"जाऊन येतो?"
"म्हणजे… हो."

त्यांनी ठिपके पाहिलेच नाहीत.
कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.
"हे एक्केचाळीस कवापासून हाय?"
मी आलेख मागं सरकवला.
पावणेबारापासून रेघ सरळ,
एक्केचाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस,
इस्त्री फिरवल्यासारखी.
"हालंना," आप्पा म्हणाले.
"पानी बरं हाय म्हनून न्हाई. काटा गंजलाय."

जमिनीखालची गळती शोधायला
ते मध्यरात्री निघायचे लोखंडी सळई घेऊन,
एक टोक पाइपावर, एक कानाला,
आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना गप्प बसायला सांगत.
टाकीवर गेज होता की.
होता. त्याला विचारायचं,
मग त्याच्याबद्दल विचारायचं.
एवढंच शास्त्र.

मी लिहिलं : तू शेवटचं खरोखर कधी विचारलंस?
कर्सर लुकलुकत राहिला.
अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी.
माहिती गोळा करणारी सेवा तेव्हापासून बंद आहे.
मी साठवलेलं उत्तर परत देत होतो.
हे मी आधी सांगायला हवं होतं.

राग आला. पण आम्ही ऑफिसात अकरा जण,
आणि हे शेवटचं वाक्य
मी अजून कुणाच्या हातचं वाचलेलं नाही.
माझ्याही.

सेवा पुन्हा उठवली. ठिपके राखाडी झाले,
मग बारा हिरवे, एक पिवळा,
आणि एक लाल :
देवणीकडच्या दूध केंद्रांच्या पावत्या.
डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली.
पाच वाजता काट्यावर कॅन चढतील,
फॅट लागेल, पावती निघणार नाही,
आणि क्लाउडला कुणी शिवी देणार नाही,
केंद्रावरच्या पोराला देतील.

जुन्या नोंदी हलवू का, एजंटानं विचारलं.
हलव. पुसू नकोस.
"एकदम नको सोडू," आप्पा म्हणाले,
"रिकाम्या पाइपात हवा असती. फुटतो."
कुठला पाइप, ते मी विचारलं नाही.
दहा टक्के सोडलं. थांबले. मग तीस.
चहावर साय धरली.

त्रेचाळीस. एकोणचाळीस. चव्वेचाळीस.
रेघ वाकडीतिकडी व्हायला लागली,
आप्पांच्या सहीसारखी.
त्यांना आता त्यात रस उरला नव्हता.
गच्चीच्या कठड्याशी उभे राहून
ते खाली कुणाच्या तरी टाकीचं ओव्हरफ्लो ऐकत होते.

"आप्पा, रात्रीची बीपीची गोळी घेतली का?"
"घेतली की."
लगेच. मागं वळूनही न बघता.

मी खाली गेले,
फळीवरचं पाकीट काढलं,
आणि मोजायला लागले.