चेश्मेजिया

खारकर आळीतल्या माझ्या दुकानात
जनार्दन तरे आले, चेंदणीचे,
बोटीवर तीस वर्षं इंजिनं सांभाळलेले.
मोतीबिंदू काढून झालेला, नवा नंबर हवा होता.
तक्त्यावरची शेवटची ओळ वाचा म्हटलं
तर म्हणाले, "चेश्मेजिया."
तिथं होतं म, र, ल, ण.

बल्गेरियातला शब्द, वार्नाच्या गोदीत ऐकलेला.
आता तिकडंही फारसा कुणाच्या तोंडी नाही.
स्टोयान नावाच्या फिटरचा आजा चेश्मेजिया होता,
रस्त्याकडेला दगडी तोंडातून पाणी आणणारा.
घरातलं माणूस गेलं की त्याला बोलावणं जायचं.
तो डोंगराला कान लावायचा, झरा हेरायचा,
वर दगडात गेलेल्याचं नाव कोरायचा.
वाटसरू पाणी प्यायला वाकायचा
आणि अनोळखी नावापुढं
मान आपसूक खाली जायची.

मी म्हटलं, चेश्मा म्हणजे आपला चष्मा की काय?
"तोच. फारसीत चश्म म्हणजे डोळा.
जमिनीला डोळा फुटला, तो चश्मा, झरा.
तुर्कांनी पखालीत भरून पश्चिमेला नेला.
आपल्याकडं पोचेस्तोवर पाणी आटलेलं,
नुसती काच उरली.
शेवटचा जिया, तो मशालचीतला ची.
म्हणजे तूही चेश्मेजियाच, केणीबाई.
फक्त कोरडी."

मी नंबर लिहून घेतला. काही बोलले नाही.

वैशाखात त्यांनी बायकोच्या नावानं
कोपऱ्यावर पाणपोई घातली.
दोन रांजण, साखळीला बांधलेलं पितळी ओगराळं.
पाटीवर लिहायला सांगितलं, भानुमतीची चेश्मा,
कारण तिकडं ती बाई आहे.
पेंटरनं शहाणपणानं दुरुस्त केलं,
भानुमतीचा चष्मा,
आणि वर फुकटात एक बाण काढून दिला
माझ्या दुकानाकडं.

तरे पाटीखाली बराच वेळ उभे राहिले,
नवा चष्मा घालून, काढून, पुन्हा घालून.
"राहू दे," म्हणाले.

आता माणसं पाणी पिऊन माझ्या पायऱ्या चढतात,
ओल्या मिशांनी विचारतात,
भानुमतीबाई आहेत का?
सुरुवातीला मी नाही म्हणायचे.

काल कळव्याचा एक रिक्षावाला आला,
त्याला मीटरवरचे आकडे दिसेनात.
खुर्चीत बसवला, काचा बदलत गेले,
हे बरं की हे? हे, की आधीचं?
"पाणी गार होतं," तो म्हणाला. "बाईंना सांगा."
सांगते म्हटलं.