सातवी टोपली

नऊच्या नऊ टोपल्या मीच केल्या.
निवास घोरपडे टेक्सासवरनं सुट्टीला आला तेव्हा
त्याच्या मोबाइलात एक फोटो होता:
खांब, खांबाला कडं, कड्याला साखळ्या,
खाली परडीसारखं कायतरी.
म्हणाला, दस्तगीर, जमंल?
गेट जमतं, जिना जमतो,
उसाच्या ट्रॉलीचा हूक जमतो,
हे का जमू नये.

भंगारातल्या सायकलींच्या चेन घेतल्या,
पाइप एमआयडीसीतला, उरलेला.
पेढ्याच्या भैरोबाच्या मागं, निवासच्या चुलत्याच्या माळावर
नऊ खड्डे घेतले, नऊ खांब रोवले.
लांबनं ताटली फेकायची, बस. एवढाच खेळ.
पहिली ताटली साखळीवर बसली
आणि जो आवाज आला...
सव्वीस वर्षं लोखंड ठोकतोय मी,
त्याला हसताना त्या दिवशी ऐकलं.

चौघंच होतो.
मी, निवासचा भाचा, कन्याशाळेच्या उत्तरा मॅडम
आणि येसबा. तो शेरडं घेऊन तिथंच असायचा.
नेम त्याचाच सगळ्यात पक्का.
जन्मभर दगड भिरकावून शेरडं वळवलेली,
तीही एकाला न लागता.

मग भाच्यानं व्हिडिओ टाकला.

आता रविवारी उजाडायच्या आत
खंबाटकी ओलांडून गाड्या येतात. बारा, चौदा, बारा, बारा.
पहिल्या टोपलीशी सतरा माणसं,
दुसरीशी अकरा आणि एक वाढदिवस,
तिसरीखाली कुणाचं तरी बाळ झोपलेलं,
म्हणून तिसरी बंद.
एकाच्या पाठीवरल्या पिशवीत चोवीस ताटल्या,
प्रत्येकीचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं.
येसबानं त्याला विचारलं,
पावणं, हात तर दोनच ना?

पुढचे आवरा! मागचे थांबा!
अहो ताटली, ताटली, डोकं!
कुसळी गवत होतं तिथं नऊ टकलं पडली.
एक लाल ताटली
येसबाच्या गाभण शेळीच्या पोटाला घासून गेली.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी शेरडं दिसली नाहीत.

मी गेलो तर एक पोरगी म्हणाली,
काका, लाइनीत या ना.
बरोबरच होतं तिचं. आलो लाइनीत.
चाळीस मिनिटं उभा राहिलो
माझ्याच वेल्डिंगसमोर.
चौथ्या कड्याचा जोड जरा खडबडीत राहिलाय,
घाईत केलेला. बोटानं चाचपला.
नंबर आला, ताटली फेकली,
गेली करवंदीत.
मागनं कुणीतरी म्हणालं, नेक्स्ट.

खोटं कशाला बोलू, या गर्दीनं मलाही दिलं.
निवासचा फोन आला,
आणखी नऊ कर, तिकीट लावू, शेड मारू.
उत्तरा मॅडम म्हणाल्या, मंगळवारी माळ मोकळा असतो,
पण मंगळवारी शाळा असते हो.

बुधवारी रात्री पान्हे घेतले.
सातवीचे चार बोल्ट, दोन गंजलेले,
गंजलेल्यांनी फार वेळ खाल्ला.
येसबानं खांब खांद्यावर घेतला, मी टोपली डोक्यावर,
साखळ्या पोत्यात गुंडाळलेल्या, बोलू नयेत म्हणून.
धार ओलांडली. खाली साताऱ्याचे दिवे,
समोर अजिंक्यताऱ्याचा काळा ढिगारा,
आणि दोन म्हातारे चोर, स्वतःचाच माल घेऊन.

रविवारी बोंब झाली. सातवी चोरीला गेली!
सहावीवरनं लोक थेट आठवीला जातात,
तिथं लाइन दुप्पट.
निवासनं नव्या टोपलीचे पैसे पाठवले.
घेतले मी. काय करू,
टोपली तर खरंच गेली होती.

पलीकडच्या उताराला गवत आहे,
शेळीला दोन करडं झालीत, एक बांडं.
ऊन कलल्यावर येसबा फेकतो.
ताटली वाऱ्यावर जरा रेंगाळते,
मग घरी आल्यासारखी साखळीत शिरते.

हळू मार की, मी म्हणतो.
आवाज पलीकडं जाईल.