मोजदाद

चारशे गेल्या होत्या,
तीनशे एक्क्याण्णव आल्या.
ट्रॉलीतून उतरवताना गुलाबनं दोनदा मोजल्या,
मी तिसऱ्यांदा.
प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात
ठवरे बीछायत केंद्र, मु. पो. पळसगाव.
अक्षर लेकीचं, ती सातवीत होती तेव्हाचं,
म्हणून वेलांटी चुकलेली.

मंडईच्या नाटकाला ह्याच, तेरवीला ह्याच,
आणि ह्या वेळी सभांना.
दुपारी एकाची, संध्याकाळी दुसऱ्याची.
मधल्या दोन तासांत झेंडे बदलायचे,
सांडलेला चिवडा झाडायचा.
येसनबाई तर मधे उठलीच नाही.
"आता जाऊन परत कायले येऊ,
बसतो अठीच."

निकालाच्या दिवशी तहसीलच्या फाटकाबाहेर
अकराव्या फेरीपर्यंत साहेब पुढे होते.
मग वैनगंगेकडची गावं उघडली.
चौदाव्या फेरीला टपरीवरचा आवाज
कुकरच्या वाफेसारखा हळूहळू बसला.
एकोणिसाव्याला इकडचा डीजेवाला पोरगा
वायरी गुंडाळायला लागला
आणि तिकडचा सोडायला.
गुलालाची तीन पोती मुनघाट्यांनी
इकडून निमूट परत घेतली,
तिकडे दिली. तीच.

रात्री टीव्हीवर कळलं,
मुंबईतही सरकार गेलं.
म्हणजे हे आमच्या तालुक्यानं एकट्यानं केलं नव्हतं.
थोडं वाईट वाटलं मला.

आठ दिवसांनी बिल घेऊन साहेबांकडे गेलो.
पंधरा वर्षं ज्या ओट्याखाली
चपला ठेवायला जागा नसायची
तिथं एक मांजर ऊन खात पडलं होतं.
मी तरी सवयीनं फाटकाजवळच काढल्या.
साहेब स्वतःच बाहेर आले.
चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली;
स्टेजवरून ती कधी दिसली नव्हती.
माझ्या नऊ खुर्च्या अंगणातच होत्या,
आठ एकात एक घातलेल्या.
नवव्या खुर्चीवर ते बसले,
बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या,
देता देता हात थांबवला.
"ठवरे, खरं सांगा.
शेवटच्या सभेले खुर्च्या भरल्या होत्या ना?"

मी मोजल्या होत्या.
एकशे साठ रिकाम्या.
त्यातल्या शंभरेक मी आणि गुलाबनं
भाषण चालू असतानाच मागून उचलल्या होत्या,
आवाज न करता,
फोटोत दिसू नयेत म्हणून.
हे काम बिलात लावत नाहीत.

"भरल्या होत्या, साहेब."
"मंग?"
मांजर उठलं, जरा पलीकडे जाऊन पुन्हा पडलं.
मी विचारलं, खुर्च्या नेऊ का.
"आठ न्या. हे राहू द्या दोन दिवस.
कमरेले बरी पडते."

उद्या नव्यांचा सत्कार.
पाचशे पाहिजेत, शंभर मूलवरून येतील.
बोअरवेलपाशी धुवायला काढल्यात.
लेक घासते, मी पाणी ओततो.
पाठीच्या पट्ट्यांमधला गुलाल काही निघत नाही,
आणि कोणत्या वर्षाचा आहे तेही सांगता येत नाही.
तिचं यंदा पहिलं मत.
बोटावरची शाई नखासोबत थोडी वर सरकली आहे.
कोणाला दिलंस, मी विचारलं नाही.
तिनंही मला नाही.
"बाबा, एक कमी आहे," ती म्हणाली.
वहीत लिहिलं : एक बाहेर.
भाड्याचा रकाना तेवढा कोरा ठेवला.

जाता जाता येसनबाई फाटकाशी थांबली.
सभा दुपारची का संध्याकाळची?
दुपारची असंन त मागची रांग
चिंचेखाली लावजो म्हणाली,
मांगच्या खेपी लय ऊन लागलं.