फेब्रुवारीची खाच

जिनीव्हाच्या कुणा वकिलाच्या बापाचं घड्याळ.
बाप गेला, हे खणात राहिलं साडेपाच वर्षं.
आता माझ्या टेबलावर. बाहेर तळं गोठलंय,
ल सान्तिएची शेवटची बसही गेली.

आत एक चाक, चार वर्षांत एकदाच फिरणारं.
कडेला खाचा : तिसाची उथळ, अठ्ठाविसाची खोल,
आणि एक एकोणतिसाची, खोलच,
पण केसभर कमी.
त्या केसभरात
एक अख्खा दिवस मावतो.

हे मागे फिरत नाही. दाते मोडतात.
म्हणून काटे सहावर ठेवून
टोचणीने दिवस पुढे ढकलते :
टिक्, सोमवार. टिक्, मंगळवार.
दोन हजार नऊ वेळा.

त्यातच तो मार्च येतो.
अकरा तारखेला कॉफी अर्धी ठेवून
आर्माँ उठला होता, सरपण आणायला.
थांबायचं नाही, असं ठरवलं होतं.
अंगठ्याला कोण सांगणार?
मग टिक्. बारा तारीख.
आवाजात काही फरक नाही.

वकील फोनवर : "आता कधीच चुकणार नाही ना?"
चुकेल की. एकवीसशे सालच्या फेब्रुवारीत
हे एकोणतीस तारीख दाखवेल, जी नसेलच.
"म्हणजे माझ्या हयातीत नाही," तो हसतो.

झाकणाच्या आत, मालकाला दिसत नाही तिथे,
आधीच्या चौघांनी दुरुस्तीची तारीख कोरलीय.
एकाचा सात फारच वाकडा.
त्यांच्याखाली माझी कोरते,
बारीक अक्षरात,
खाली जागा राहील अशी.